मुठीमुठीने भरलेला तोबरा

मित्रांनो, मी एक जुना तोबरा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी तोबरा पाहिलाच नसेल, कारण घोडे गेले तसे आम्हीही गेलो. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची पिशवी. तिच्यात भिजवलेले हरभरे घालतात आणि तिची दोरी घोड्याच्या कानांमागून अडकवतात. मग दाणा मातीत सांडत नाही आणि शेजारच्या जनावराला त्यात तोंडही घालता येत नाही. घोड्याच्या या दाण्याला चंदी म्हणतात. चंदी सांभाळायची, एवढेच माझे काम.

आता मी तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात, एका घराच्या ओसरीवर खुंटीला टांगलेला असतो. जवळ येऊन पाहिलेत तर माझ्या काठाभोवती सुईच्या भोकांची एक रांग दिसेल. त्या भोकांत धागा नाही. ती कशी पडली आणि त्यांतला धागा कोणी काढला, एवढे सांगितले की माझी गोष्ट पुरी होते.

माझा जन्म एका घोंगडीतून झाला. या घराचे मालक आबाराव. त्यांचे वाडवडील मेंढपाळ. वडिलांनी जमीन धरली आणि घर एका जागी आले, पण दारात थोडी मेंढरे, शेळ्या राहिल्या आणि घरात लोकर कातणे राहिले. वडील गेल्यावर त्यांची घोंगडी मागे उरली. ती मधून विरली होती, कडेला मात्र अजून घट्ट होती. त्या कडेचा तुकडा कापून आबारावांच्या थोरल्या बहिणीने, द्वारकाबाईंनी, मला शिवले. विहिरीतून पाणी ओढायची मोट फाटली होती, तिचे चामडे त्यांनी माझ्या तळाला लावले. म्हणून मी अंगाने खरखरीत आहे आणि बुडाने चिवट.

द्वारकाबाईंना घरात सगळे आक्का म्हणत. त्या तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या. कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. जात्याभोवती सांडलेला जोंधळा त्या एकेक दाणा करून वेचत आणि फुटक्या मडक्याचा तुकडासुद्धा फेकू देत नसत. गावात त्यांच्या चिकटपणाच्या गोष्टी सांगून लोक हसत. मला शिवताना त्यांनी आपल्या ओंजळीने दाणा मोजला आणि तेवढाच मावेल असा मला बेतला. आबारावांनी मला हातात धरून उलटेपालटे केले आणि हे घोडीसाठी आहे की शेळीसाठी, असे विचारले.

"घोडीला लागतं तेवढंच हाय," आक्का म्हणाल्या. "जास्तीचं लागलं तर तुझ्या ताटातलं दे."

आता ही घोडी घरात कशी आली तेही सांगतो. तेव्हा निजामाचे राज्य होते. आबाराव माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला बैल आणायला गेले होते. घरचा एक बैल थकला होता आणि रब्बीची मळणी, पुढची नांगरट तोंडावर होती. त्यांच्या पत्नी सुगंधाबाई यांनी नव्या बैलासाठी दारात पाणी आणि हळदकुंकू तयार ठेवले. आबाराव परत आले तेव्हा त्यांच्या मागे बैल नव्हता. लाखेच्या रंगाची, उंच पायांची, सगळ्यांना बिचकणारी एक शिंगरी होती.

सुगंधाबाईंनी तिच्या खुरांवर पाणी घातले, कुंकू लावले, आणि मग शांतपणे विचारले, "नांगराला कोन जुपायचं? हिला का तुमाला?"

आबाराव शिंगरीची मान थोपटत उभे राहिले. त्या क्षणी त्यांचे तोंड पाहिले असते तर तुम्हीही त्यांना रागावला नसता. जन्मभर मेंढरांच्या मागे आणि नांगराच्या मागे चाललेला माणूस होता तो. आपल्यापुढे काहीतरी वाऱ्यासारखे धावावे, असे त्याला एकदा वाटले. त्यांनी तिचे नाव लाखी ठेवले.

लाखी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने मला झिडकारले. मी तिच्या नाकाला टोचलो असेन. मग तिला हरभऱ्याचा वास आला आणि तिने तोंड आत घातले. तिचा श्वास ऊन आणि ओलसर होता. दाणे चावताना तिच्या जबड्याची हालचाल माझ्या सगळ्या अंगाला जाणवे. तोबऱ्याला घोडे जसे कळते तसे खोगिराला किंवा लगामालाही कळत नाही. ते घोड्याला कामापुरते ओळखतात, मी त्याला भुकेपासून ओळखतो.

पुढची दोन वर्षे ओढ्याच्या कोरड्या वाळूत लाखीचा सराव चाले. तिच्यावर बसणारा कडूबा म्हणजे गावातलाच एक मेंढपाळ. दोन लेकरांचा बाप, पण अंगाने इतका शिडशिडीत की घोडीला तो पाठीवर आहे हे कळतही नसे. तो आबारावांना मामा म्हणे. वाळूत पाय रुततात, त्यामुळे पायाचे स्नायू बळकट होतात आणि सांध्यांना धक्का बसत नाही. हे त्या दोघांना कोणी शिकवले नव्हते. मेंढरांमागे चालून चालून त्यांचे त्यांना ते कळले होते.

दसऱ्यानंतर जालन्याला जुन्या छावणीच्या मैदानावर आसपासच्या गावांच्या घोड्यांची शर्यत होई. तिसऱ्या वर्षी लाखी तिथे धावली आणि पहिली आली. मी खोगिराच्या कडीला लटकत होतो. मला धूळ आणि टापांचा आवाज याखेरीज काही कळले नाही. पण शर्यत संपल्यावर आबारावांनी मला काढून लाखीच्या तोंडाला बांधले.

आमच्या गावाची एक रीत होती. ज्या जनावराने गावाचे नाव काढले, त्याच्या तोबऱ्यात प्रत्येक घराने एक मूठ टाकायची. कोणी हरभरा टाकी, कोणी गुळाचा खडा, कोणी बाजरी. याला मूठ टाकणे म्हणत. मूठ टाकल्याखेरीज त्या विजयात आपला वाटा आहे असे कोणी मानत नसे. लाखी गावात आली तेव्हा वेशीवरच माणसे मुठी मिटून उभी होती. मी भरलो, मग दाणे माझ्या काठावरून सांडू लागले. ज्यांच्या मुठी मावल्या नाहीत ते हिरमुसले. हे पाहून आबारावांनी आपल्या लाल फेट्याची एक रुंद पट्टी फाडली आणि माझ्या काठाला लाल धाग्याने शिवून घेतली. मी जवळजवळ दीडपट उंच झालो. माझ्यावर भंडारा उधळला गेला. लोक मला हात लावून तो कपाळाला लावत.

मित्रांनो, खरे सांगतो, मला ते आवडले. घोंगडीच्या तुकड्याला असा मान कोण देतो? फक्त आक्का त्या लाल पट्टीकडे पाहून आत गेल्या.

घोडी बाळगणे म्हणजे नुसता भंडारा नसतो, हे घराला लवकरच कळले. तिला हरभरा हवा, गवत स्वच्छ हवे, नालबंद वेळेवर यायला हवा. पायाला जरा ऊब लागली की आबाराव शेत सोडून तिच्याजवळ बसत. एका वर्षी पेरणी मागे पडली आणि शेजाऱ्याची ज्वारी गुडघ्याला आली तेव्हा आमची नुकती डोके वर काढत होती. सुगंधाबाई एकदा चुलीपुढून म्हणाल्या, "सालभर हिची सेवा करायची, अन् ती पळती पान खायच्या वेळात. बराबर हाय तुमचा हिशेब."

आणि घोडी हरतेही. एका साली लाखीला शर्यतीच्या आधी ताप आला होता. तो उतरला असे वाटून तिला नेले. ती मध्यावरच मागे पडली. त्या दिवशी वेशीवर कोणी नव्हते. काही घरांची उघडी दारे तर आम्हाला पाहून लावली गेली. मी पूर्ण रिकामा घरी आलो. आबारावांनी मला खुंटीला अडकवले आणि तिथेच भिंतीला टेकून उभे राहिले. आक्कांनी मला खाली घेतले, आपल्या मापाने दाणा घातला आणि लाखीच्या तोंडाला बांधले. जिंकली काय आणि हरली काय, आक्कांच्या ओंजळीत तेवढेच दाणे येत.

त्यानंतर लाखी पुन्हा जिंकली, एकदा नाही, पुष्कळदा. मंठ्यापर्यंत तिचे नाव गेले. शेवटच्या शर्यतीनंतर जालन्याच्या मस्तगडातले काकासाहेब म्हणून एक व्यापारी मैदानावर आले. त्यांना घोड्यांची पारख होती. त्यांनी लाखी विकत मागितली आणि आबाराव म्हणतील तो भाव देऊ केला. आबाराव उत्तर देण्याआधी घोडीकडे पाहत राहिले. शर्यत संपून बराच वेळ झाला होता. तरी तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या, नाकपुड्या फुललेल्या होत्या. आधी असे होत नसे. मी तिच्या गळ्यात होतो, मला तो श्वास माहीत होता. तिचे धावणे संपले होते. आबारावांना ते कळले आणि काकासाहेबांनाही कळले.

"आज दे," काकासाहेब म्हणाले. "पुढच्या साली हिला टांग्यालासुदिक कोनी घेनार न्हाई."

"म्हनूनच देत न्हाई," आबाराव म्हणाले.

गावी येऊन त्यांनी खंडोबाच्या देवळापुढे सगळ्यांसमक्ष शब्द दिला. लाखीच्या पाठीवर यापुढे खोगीर चढणार नाही, ती कोणाला विकली जाणार नाही, आणि ती मरेल ती आबारावांच्या दारातच मरेल. ऐकणाऱ्यांचे डोळे ओले झाले. धावणाऱ्या जनावराला असा शब्द देणारा मालक त्यांनी पाहिला नव्हता.

लाखीसाठी कडुनिंबाखाली नवी जागा केली गेली. तिला तिथे बांधले. कोणी तिच्यावर बसायचे नाही, तिला ओझे लावायचे नाही, तिने आता फक्त सुखाने उभे राहायचे, असे ठरले. आणि गावाने तिच्यावर माया केली. वाटेने जाणारा येणारा आत डोकावे आणि माझ्यात एक मूठ टाकी. पूर्वी शर्यत जिंकल्यावर मूठ पडे, आता रोज पडू लागली. सासरहून आलेली लेक मूठ टाकी, नवी सून मूठ टाकी, बाजारला निघालेला शेतकरी बरकत यावी म्हणून मूठ टाकी. प्रत्येकाची एकच मूठ. एका मुठीने काय होते, असे प्रत्येकाला वाटे आणि ते खरेही होते. पण मी सगळ्यांच्या मुठी एकत्र पाहत होतो. लाल पट्टीच्या वरच्या टोकापर्यंत रोज भरत होतो.

लाखी चमकू लागली. तिची मान जाड झाली, पाठीवर दोन्ही बाजूंनी इतके मांस चढले की मधे खळगा पडला. लोक कौतुकाने तिच्या पाठीवर थाप मारत. एकट्या आक्का कुरकुरत. उभ्या जनावराला इतका दाणा कशाला, असे त्या सारखे म्हणत. आबाराव हसून सोडून देत. एके दिवशी मात्र त्यांना राग आला.

"आक्का, तुझा समदा जीव दान्यात अडकलाय," ते म्हणाले. "या घोडीनं मला नाव दिलं. तू काय दिलं?"

आक्कांनी कमरेच्या किल्ल्या काढून सुगंधाबाईंच्या पुढे ठेवल्या आणि त्या आपल्या कोपऱ्यात जाऊन लोकर कातत बसल्या. त्या दिवसापासून त्या घोडीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला लाखी पाय उचलेना. प्रथम तिने पुढचे पाय थोडे लांब टाकून सगळे वजन मागे घेतले. मग तिच्या खुरांना हात लावला तर ते तव्यासारखे ऊन लागत. काही दिवसांनी ती आडवी झाली आणि उठेना. दृष्ट लागली म्हणून मीठमिरच्या उतरवल्या गेल्या. कोणी म्हणाले अशक्तपणा आला आहे, ताकद भरा. म्हणून दाण्यात तूप आणि गूळ वाढला. ती आडव्यानेच खाई, कारण माझ्यातला दाणा खाण्याची तिची सवय सुटली नव्हती. तिचे कण्हणे माझ्या पोटात शिरे.

असे का होते, ते मला फार नंतर कळले. जनावरांचा एक डॉक्टर या ओसरीवर बसून सांगत होता, ते मी ऐकले. घोड्याचे खूर म्हणजे एकाच बोटाचे मोठे झालेले नख. त्या नखाच्या आत जिवंत मांस असते. घोड्याने दाणा फार खाल्ला आणि हालचाल केली नाही, तर कधी कधी या दोघांच्या मधल्या जागेत सूज येते. नख ताणले जात नाही, सुजेला पसरायला वाव नसतो, आणि घोड्याला पाय टेकवणे असह्य होते. पण त्या वेळी आमच्या गावात हे कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही सगळे तिला प्रेमाने आजारी पाडत होतो.

काकासाहेबांच्या कानावर बातमी गेली. ते वाईट माणूस नव्हते. ते स्वतः आले, लाखीजवळ बसले आणि आबारावांना बाजूला घेऊन म्हणाले की जनावराला असे ठेवणे हा छळ आहे. त्यांच्या ओळखीचा एक म्हातारा शिपाई होता. त्याच्याकडे बंदूक होती, नेम चांगला होता. घोडीला काही कळणारही नाही.

आबाराव त्या दिवशी जेवले नाहीत. ती आपल्या दारात मरेल असा शब्द त्यांनी दिला होता, पण तो असा पाळावा लागेल असे त्यांना वाटले नव्हते. शेवटी त्यांनी ठरवले की जोडीने माळेगावला जायचे. जिथून लाखी आणली त्याच खंडोबापुढे तिचे आयुष्य मागायचे. परत येईपर्यंत ती उठली नाही, तर शिपायाला निरोप पाठवायचा. जत्रा तोंडावर आली होती. बैलगाडी जुंपली गेली. कडूबाही गाडी हाकायला बरोबर निघाला.

निघताना आबाराव आक्कांसमोर आले. बऱ्याच महिन्यांनी ते त्यांच्याशी सरळ बोलत होते.

"तोबरा दोन टायमाला भरत जा, आक्का. एवढं कर."

आक्का चातीवर धागा ओढत राहिल्या. चाती म्हणजे लोकर कातायची लाकडी फिरकी. त्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. सुगंधाबाईंनी किल्ल्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि गाडी गेली.

गाडी वेशीबाहेर पडल्यावर आक्का उठल्या. त्यांनी मला लाखीच्या तोंडावरून काढले, उलटे करून झटकले आणि खुंटीला टांगले. कोठीला कुलूप घातले. लोक मुठी घेऊन आले तेव्हा त्या दारात उभ्या राहून सांगत की धनी घरी नाहीत, धनी आले की टाका. लोक मागे फिरत आणि वाटेत त्यांच्या नावाने बोटे मोडत. एक म्हातारी तर अंगणात उभी राहून म्हणाली की मरत्या जनावराच्या तोंडचा घास काढणारी बाई तिने जन्मात पाहिली नाही. आक्कांनी तिला बसायला पाट दिला, प्यायला पाणी दिले, दाणा मात्र घेतला नाही.

लाखीला त्या नुसता वाळलेला कडबा आणि पाणी देत. मी खुंटीवर रिकामा लोंबत होतो. लाखी मान वर करून माझ्याकडे पाही आणि हलकेच हुंकार देई. मित्रांनो, तेव्हा मलाही आक्कांचा राग आला होता. भरलेले असणे म्हणजेच उपयोगी असणे, अशी माझी समजूत होती.

मग एका सकाळी लाखी उठली. कडब्याची पेंढी तिच्या मानेपासून जरा लांब ठेवली होती, तिच्यासाठी उठली. उभी राहून थरथरली, पण उभी राहिली. आक्का तेव्हा शेळ्या घेऊन ओढ्याला निघाल्या होत्या. घरात दुसरे कोणी नव्हते. त्यांनी लाखीचा दोर सोडून हातात घेतला, ती माझ्यामागे येईल म्हणून मला काखेत मारले, आणि तिला तिच्या चालीने येऊ दिले. ती थांबली की आक्का थांबत. शेळ्या पुढे जाऊन चरत आणि परत येत.

ओढ्याला थोडे पाणी होते आणि काठाला मऊ, गार चिखल होता. लाखी आपण होऊन त्या चिखलात उतरली. गुडघ्यापर्यंत पाय रुतवून तिने एक लांब सुस्कारा टाकला. मग ती हलेना. आक्का काठावर बसल्या, कमरेची चाती काढली आणि कातू लागल्या. आजूबाजूला शेळ्यांखेरीज कोणी नव्हते. कातता कातता त्या घोडीशी बोलू लागल्या. त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"मालक गेले तवा मला बी हितं आनून असंच बसवल्तं. कामाला हात लावू नको, बसून खा, म्हनले. लई माया केली समद्यांनी. बसून बसून माझे पाय गेल्ते, बाई. लोक म्हनले, दुःखानं गेले." त्यांनी धागा तोडून पुन्हा जोडला. "मंग एक दिस मी ही चाती उचलली. तवा उठले. उभ्या जल्मात मला कोनी इचारलं न्हाई, आक्का, तुला काय पायजे. तुला बी कोनी इचारलं न्हाई."

लाखीने कान त्यांच्याकडे वळवला होता.

त्यानंतर रोज त्या दोघी शेळ्यांमागे ओढ्याला जात. लाखीचे पोट उतरले, बरगड्या थोड्या दिसू लागल्या. तिला कोणी ओढत नसे, ढकलत नसे. ती चिखलात हवा तितका वेळ उभी राही आणि हवी तेव्हा परत फिरे. हा उपाय प्रत्येक आजारी घोड्याला चालेल असे मी सांगत नाही. दुखऱ्या पायाने घोड्याला बळेच चालवू नये, असे त्या डॉक्टरांनीही बजावून सांगितले होते. पण लाखीला तो चालला.

आबाराव परत आले ती दुपारची वेळ होती. गाडी थांबायच्या आत ते उतरले. कडुनिंबाखाली घोडी नव्हती. दोरही नव्हता. जमीन झाडून स्वच्छ केलेली होती, जशी एखादे मेलेले जनावर नेल्यावर करतात. त्यांच्या हातात खंडोबाच्या भंडाऱ्याची पुरचुंडी होती. ते ओसरीवर आले. मी खुंटीला होतो, कित्येक दिवस आक्कांनी मला बरोबर नेले नव्हते. आबारावांनी माझ्या आत हात घातला. आत कोरडे होते आणि तळाशी कोळ्याने जाळे विणले होते. ते हात तसाच ठेवून खाली बसले. सुगंधाबाई गाडीजवळ उभ्या होत्या, त्यांना पुढे यायचे धैर्य होईना. कडूबाने तोंड फिरवले.

मग शेळ्यांच्या गळ्यातली घुंगरे ऐकू आली. शेळ्या अंगणात शिरल्या, त्यांच्यामागे आक्का, आणि आक्कांच्या मागे, सैल दोराने, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली लाखी. तिने मालकाला पाहिले आणि ती हुंकारली.

आबाराव उठले नाहीत. माझ्या काठावर त्यांची मूठ घट्ट मिटली होती.

"आक्का, दाना दिला न्हाईस?"

"न्हाई."

"एक मूठ बी न्हाई?"

"न्हाई."

ते उठून पुढे आले. त्यांनी लाखीचा पुढचा पाय धरला. तिने तो उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी खुरावरचा चिखल पुसला आणि तळहात ठेवला. खूर गार होते. त्यांनी दुसरे खूर पाहिले, मग पुन्हा पहिले पाहिले. बराच वेळ ते तसेच वाकून होते. जेव्हा सरळ झाले तेव्हा त्यांनी पुरचुंडी सोडली, चिमूटभर भंडारा घोडीच्या कपाळाला लावला आणि उरलेला सगळा आक्कांच्या पायांवर ठेवून डोके टेकले.

"ऊठ," आक्का म्हणाल्या. "शेळ्या बांधायच्या राह्यल्यात."

त्या संध्याकाळी त्यांनी मला मांडीवर घेतले. दाभणाच्या टोकाने लाल पट्टीचा टाका टाका उसवला. पट्टी त्यांनी फेकली नाही, अर्थातच. घडी करून ठेवली आणि पुढे तिच्यातून सुगंधाबाईंच्या धान्याच्या कणगीच्या झाकणाला गादी झाली. मी पुन्हा आक्कांच्या ओंजळीएवढा झालो. काठाला राहिली ती सुईची भोके.

गावाची मूठ टाकायची रीत मात्र मोडायची कशी, हा प्रश्न होता. तो आबारावांनीच सोडवला. लोक मुठी घेऊन आले तेव्हा त्यांनी सांगितले की दाणा घरी ठेवा, मूठ घोडीच्या दोरावर ठेवा. ज्याला लाखीचा मान करायचा असेल त्याने तिचा दोर धरून तिला ओढ्यापर्यंत फिरवून आणायचे. लोक आधी हसले. मग एकेक जण येऊ लागला. सासरहून आलेली लेक तिला फिरवी, बाजारहून आलेला शेतकरी फिरवी. ज्या म्हातारीने आक्कांना बोल लावले होते ती तर रोज सकाळी येई. तिचे स्वतःचे गुडघे त्यामुळे सुटले, असे ती सगळ्यांना सांगे आणि कोणाच्या प्रतापाने, ते मात्र सांगत नसे.

लाखी पुन्हा धावली नाही. तिच्या पाठीवर खोगीर चढले नाही, आबारावांचा तो शब्दही राहिला. आक्का तिच्यावर फक्त गवताचा हलका भारा ठेवत, तोही घोंगडी अंथरून. अशी ती आणखी काही वर्षे जगली. संस्थानात बदलाचे वारे वाहू लागले, जालन्याचे मैदान ओस पडले, शर्यती थांबल्या. ज्या साली निजामाचे राज्य गेले, त्याच सालच्या उन्हाळ्यात, एका सकाळी ओढ्यावरून परत येऊन ती कडुनिंबाखाली बसली आणि पुन्हा उठली नाही. तिचे डोके आबारावांच्या मांडीवर होते. दार त्यांचेच होते. बंदुकीची गरज पडली नाही.

तेव्हापासून मी रिकामा आहे. पण आता मला रिकामेपणाची खंत वाटत नाही. माझ्या आयुष्यात मी सर्वांत मोठे काम केले ते खुंटीला रिकामा टांगलेला असताना केले, हे मला कळले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कामातून मोकळा झालेला एखादा बैल असेल, म्हातारा कुत्रा असेल, किंवा आयुष्यभर राबलेले आजोबा-आजी असतील. त्यांच्यावर माया करा, पण समोर भरलेले ताट ठेवले की आपले काम झाले, असे समजू नका. त्यांना काय हवे ते विचारा. बोलता येत नसेल तर पायाला हात लावून पाहा. आणि रोज थोडे त्यांच्याबरोबर चाला, त्यांच्या चालीने.

कधी या घरी आलात तर माझ्या काठावरून बोट फिरवा. भोके तुम्हाला लागतील. ती मोजू नका. फक्त इतके लक्षात ठेवा की आधी त्यांत लोकांच्या कौतुकाचा लाल धागा होता, आणि मग एका चिकट बाईने तो एकेक टाका करून काढला.